श्यामसुंदररावांचे अकरा रंग

मला एक्सेलमधले रंग आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. छत्तीस वर्षं मी एका सरकारी खात्याच्या आस्थापना शाखेत काढली, त्यातली शेवटची पंधरा मॅक्रो लिहिण्यात. मॅक्रो म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : तेच ते काम शंभरदा हाताने करायचं नसेल, तर ते एकदा नीट लिहून संगणकाला सांगायचं, मग तो कुरकुर न करता ते करत राहतो. आमच्या शाखेतल्या माणसांकडून एवढी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नव्हता. ही माणसं साध्या रजेच्या तक्त्यालाही लग्नपत्रिकेसारखे रंग द्यायची. गुलाबी का, तर छान दिसतं. पिवळा का, तर आधीच्या साहेबांच्या वेळेपासून आहे. म्हणून एका तक्त्यातून दुसऱ्यात माहिती नेताना मी फक्त मजकूर उचलायचे. रंग, ठळक अक्षरं, चौकटी सगळं जिथल्या तिथे सोडून द्यायचे. निवृत्त झाले त्या दिवशी माझे सगळे तक्ते पांढरेशुभ्र होते आणि मला त्याचा अभिमान होता.

या सवयीपायी गेल्या फेब्रुवारीत इंदुबाई आणि महिपतराव या जोडप्याचं गाण्याला येणं कायमचं बंद होणार होतं. ती गोष्ट सांगते, कारण चूक माझी होती, आणि माझ्या चुका दुसऱ्याने सांगितलेल्या मला खपत नाहीत.

आमचं मंडळ आहे गाणं ऐकणाऱ्यांचं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊला मैफल. नऊ म्हणजे नऊ. नऊ वाजून दोन मिनिटांनी दारातून आत शिरणाऱ्याकडे दोनशे माणसं अशा नजरेने बघतात की पुढच्या महिन्यात तो आठ वाजता येऊन बसतो. प्रत्येक सभासदाची खुर्ची ठरलेली. ती ठरवतात श्यामसुंदरराव. वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्यभर एका वास्तुरचनाकाराकडे आरेखक होते, म्हणजे इमारतींचे नकाशे काढायचे आणि त्यात रंग भरायचे. आमच्या सभागृहाचाही त्यांनी एक्सेलमध्ये नकाशा केलेला. एक सेल, म्हणजे तक्त्यातला एक चौकोन, ही एक खुर्ची, सेलमध्ये सभासदाचं नाव, आणि सेलला रंग. रंग एकूण अकरा, असं ते सांगत.

पेठेतलं आमचं जुनं सभागृह दुरुस्तीसाठी वर्षभर बंद होणार म्हणून मंडळाने बिबवेवाडीतलं एक नवं सभागृह भाड्याने घेतलं. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. मंडळाचा चिटणीस सलिल, चाळिशीचा, आयटीवाला. त्याचा मला फोन आला.

“मॅडम, बेसिकली नावं शिफ्ट करायचीयत. जुन्या शीटमधून नव्या शीटमध्ये. एक मॅक्रो मारा ना प्लीज.”

“मॅक्रो मारत नाहीत, लिहितात,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी श्यामसुंदरराव पेन ड्राइव्ह घेऊन आले. तो त्यांनी चष्म्याच्या घरात कापसाच्या बोळ्यात ठेवला होता.

“रंग जसेच्या तसे न्यायचे,” ते म्हणाले.

“कुठला रंग कशाचा, ते लिहिलेलं दिसत नाही कुठे.”

“नाही लिहिलेलं.”

“मग अर्थ काय त्यांचा?”

“तो तुम्हांला कशाला हवा?”

“अर्थ नसेल तर न्यायचे कशाला?”

“मी सांगतोय म्हणून,” असं म्हणून ते चहासुद्धा न घेता गेले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अर्थ न सांगितलेला रंग म्हणजे नटवेगिरी, हे माझं छत्तीस वर्षांचं मत होतं, आणि ते बदलायचं मला काही कारण दिसलं नाही.

नव्या सभागृहाच्या ओळी लांब होत्या आणि संख्येने कमी. म्हणून जुना नकाशा अख्खा उचलून तिथे चिकटवणं शक्यच नव्हतं. मी मॅक्रोला सांगितलं, जुन्या नकाशातलं नाव घे, नव्यातल्या पुढच्या मोकळ्या खुर्चीत टाक, फक्त नाव, बाकी काही नाही. दोन सेकंदांत दोनशे बारा नावं जागेवर बसली. पांढरी, स्वच्छ. मी तो नकाशा सलिलला पाठवला. त्याने गुरुवारी सगळ्यांना खुर्ची क्रमांक कळवले आणि खाली लिहिलं, ‘शंका असल्यास मंदाकिनी मॅडम’, पुढे माझा नंबर. मला न विचारता.

शुक्रवारी सकाळी आठपासून फोन सुरू झाला. पहिले गृहस्थ म्हणाले, “ज्याच्या शेजारी मी सात वर्षं बसत नव्हतो, नेमकं त्याच्या शेजारी बसवलंत. अभिनंदन.” आणि फोन आपटला. दुसऱ्या बाईंना एसीखालची खुर्ची आली होती, त्यांना मी शाल आणायला सांगितलं. तिसऱ्यावर मी थोडी खेकसले. चौथा फोन इंदुबाईंचा होता.

“मंदाकिनीताई बोलता का? मी इंदुबाई. वारज्याहून.”

मी त्यांना चेहऱ्याने ओळखत होते. अमरावतीकडचं जोडपं, लेकाच्या नोकरीमुळे पुण्यात आलेलं. महिपतराव उंच, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. इंदुबाई लहानखुऱ्या, आणि त्यांचा हात कायम नवऱ्याच्या मनगटावर. जुन्या सभागृहात दोघं दाराजवळ, अगदी कडेला बसायचे.

“ताई, आमचं नाव मधात आलं जी. सहाव्या ओळीत, पार मधात.”

“चांगली जागा आहे ती. गायकाचा चेहरा समोर दिसतो.”

“हाव, चांगलीच असंन. पण आमच्या ह्यायले मधात बसवता येत नाही.”

“का?”

त्या म्हणाल्या, “तसंच हाये ते. तुम्ही तरास नका घेऊ. मी यासाठी फोन केला का, आमच्या दोन्ही जागा दुसऱ्या कोणाले देऊन टाका. लोकं वाट पाहून रायले म्हणतात. जागा खाली कायले ठेवाची.”

“या महिन्यापुरत्या?”

“नाही जी. आता नाहीच होणार.”

त्यांनी तक्रार केली नाही. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, कारण भांडणाऱ्याशी कसं बोलायचं ते मला येतं. त्यांनी उलट माझ्या तब्येतीची विचारपूस केली आणि फोन ठेवला. मी हातातली भाजी निवडायची थांबले.

अकरा वाजता दारावरची बेल वाजली. लिफ्ट बंद होती. श्यामसुंदरराव काठी टेकत तीन मजले चढून आले होते आणि त्यांना धाप लागली होती. मी पाणी दिलं.

“चहा चालेल,” ते म्हणाले. “साखर नको.” चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, “सगळं पांढरं केलंत.”

“तुम्ही अर्थ सांगितला असता तर नसतं केलं.”

“मी जसेच्या तसे न्या म्हणालो होतो. मराठीतच म्हणालो होतो.”

मी त्यांना इंदुबाईंच्या फोनचं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि बराच वेळ तो उचललाच नाही.

“एवढा एकच रंग सांगतो,” ते म्हणाले. “तोही तुम्ही केलेलं निस्तरायचं आहे म्हणून. निळा. महिपतराव कापसाच्या जिनिंग गिरणीत फिटर होते. गेली चार-पाच वर्षं त्यांना काही लक्षात राहत नाही. घर कुठलं, मुलाचं नाव काय, काही नाही. बसल्या जागेवरून दार दिसलं नाही की त्यांना वाटतं आपल्याला कोंडलंय. मग ते उठतात आणि हाका मारतात. दार उघडं दिसलं की शांत बसतात. तंबोरा लागला की तर फारच शांत. मुलगा, सून कामावर. दिवसभर ही बाई त्यांच्यामागे. पहिल्या रविवारचे दोन तास काय ते तिला कोणी काही विचारत नाही.”

“मग हे मंडळाला सांगायचं ना सरळ.”

“सांगितलं होतं तिने एका ठिकाणी. दुसऱ्या मंडळात. तिथे हे एकदा मधेच उठले, तर लोक म्हणाले, आजोबांना घरी ठेवत जा. तेव्हापासून ती कोणाकडे काही मागत नाही. मला एकदाच सांगितलं, जिन्यात उभं राहून. मी लिहून नाही ठेवलं. रंग दिला.”

“आणि बाकीचे दहा?”

“ते नाही सांगणार.”

सांगायची गरजही नव्हती. दोनशे बारा म्हातारी-अर्धम्हातारी माणसं, त्यांचे गुडघे, त्यांचे कान, त्यांची आपसातली न मिटलेली भांडणं. कोणाला तासातासाने उठावं लागतं, कोणाला कोणाचं तोंड बघवत नाही. यातलं एक अक्षर कागदावर आलं असतं तर निम्मं मंडळ लाजेने घरी बसलं असतं. आणि मी त्याला नटवेगिरी म्हणत होते. मला लाज वाटली. बासष्टाव्या वर्षी लाज वाटली की ती लवकर जात नाही, मी दोन दिवस तिच्यासकट वावरले.

“इंदुबाईंना कडेची खुर्ची देऊन टाकते,” मी म्हटलं. “एका मिनिटाचं काम.”

“आणि आज कडेला जो आहे त्याला मधे टाकणार? त्यालाही कडच लागत असेल तर?”

“असेल का?”

“सांगणार नाही म्हटलं ना.”

मी कपाळाला हात लावला. नकाशा पहिल्यापासून लावायचा होता आणि हातात दीड दिवस. मॅक्रोत बदल करून नावाबरोबर रंगही आणणं सोपं होतं, मजकुराऐवजी अख्खा सेल उचलायचा, झालं. पण तो रंग येऊन बसणार चुकीच्या खुर्चीवर. जुन्या सभागृहातलं दार उजवीकडे, नव्यातलं डावीकडे. निळा निळाच राहिला असता आणि महिपतराव भिंतीकडे तोंड करून बसले असते.

विचार करता करता मला सुचलं, आणि सुचलं तेव्हा मी जरा मोठ्यानेच बोलले. “श्यामसुंदरराव, नवा नकाशा तुम्ही रंगवा. रिकामाच. कुठली खुर्ची कुठल्या रंगाच्या माणसाला चालेल ते तुम्हांला माहीत. नाव एकही लिहू नका. मग माझा मॅक्रो जुन्या नकाशातलं नाव त्याच्या रंगासकट उचलेल आणि नव्या नकाशात त्याच रंगाच्या खुर्चीत नेऊन ठेवेल.”

“म्हणजे अर्थ तुम्हांला कळायला नको.”

“मलाही नको आणि मॅक्रोलाही नको.”

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “हे आधीच का नाही केलंत?” ते म्हणाले, पण उरलेला चहा त्यांनी गार झाला असूनही प्यायला.

सलिलला फोन केला तर तो हादरलाच. “मॅडम, परत चेंज? मेसेजेस गेलेत सगळ्यांना. लोक मला खातील.”

“खाऊ देत,” मी म्हटलं. “मला सकाळपासून खातायत.”

शनिवारी सकाळी आम्ही दोघं नव्या सभागृहात गेलो. तिथल्या सोनबांनी, म्हणजे दारावरच्या माणसाने, कुलूप काढून दिलं. श्यामसुंदररावांनी नकाशाचा कागद पाठपुठ्ठ्याला लावला होता आणि खिशात रंगीत पेन्सिली होत्या. ते एकेका खुर्चीवर जाऊन बसायचे, डावीकडे बघायचे, उजवीकडे बघायचे, पाय लांब करून पाहायचे आणि पुटपुटत रंग भरायचे. मला मधूनमधून हुकूम सुटत होते. “तिकडे जाऊन खोका.” मी खोकले. “आता इकडे.” पुन्हा खोकले. दाराच्या समोरच्या कडेच्या खुर्चीवर मात्र त्यांनी मला बसवलं आणि विचारलं, “दार दिसतं का?”

“पूर्ण दिसतं. बाहेरचा बोळही दिसतो.”

“नक्की?”

“मोतीबिंदू झालेला नाही मला,” मी म्हटलं. ते जरा ओशाळल्यासारखे झाले. तेव्हा मला त्याचं कारण कळलं नाही.

दुपारी माझ्या घरी बसून त्यांनी एका बोटाने तो नकाशा लॅपटॉपवर रंगवला. मी मॅक्रो चालवला. तो अडला. एकोणीस नावांना जागाच मिळाली नाही, आणि त्या एकोणिसांत महिपतराव आणि इंदुबाई होते. मी मॅक्रोला सगळे रंग मोजायला लावले. एक्सेलच्या लेखी रंग म्हणजे एक आकडा असतो, तो मोजण्यात चुकत नाही.

“तुमचे रंग अकरा नाहीत,” मी म्हटलं. “पंधरा आहेत.”

“अकरा.”

“मॅक्रो सांगतोय. माझं मत नाही ते.”

“मग मॅक्रोला डोळे नाहीत.”

मी दोन निळे सेल शेजारी शेजारी आणून दाखवले. एक भडक, एक फिका. त्यांनी नाक पडद्याला लागेपर्यंत वाकून पाहिलं. “हा भडक मी नाही दिलेला.”

“फाइल तुमची, नाव महिपतरावांचं, रंग ते सभासद झाले तेव्हाचा, चार वर्षांपूर्वीचा. श्यामसुंदरराव, तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन कधी झालं?”

“तुमचा काय संबंध?”

“आहे संबंध.”

“तीन वर्षांपूर्वी,” ते म्हणाले. “दोन्ही डोळ्यांचं.” आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं. मोतीबिंदू होता तेव्हा त्यांना सगळं मळकट दिसायचं, म्हणून निळा निळा वाटावा यासाठी ते भडक रंग निवडायचे. ऑपरेशननंतर साधा फिका रंगही लख्ख दिसायला लागला. “मला वाटलं, स्क्रीन जुनी झाली म्हणून काही चौकोन विचित्र दिसतात,” ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो. ते हसतात हे मला सहा वर्षांत पहिल्यांदा दिसलं.

मग एकेक भडक रंग त्याच्या फिक्या भावाशी जोडून द्यायचं काम सुरू झालं. चार जोड्या लागल्या. सगळे रंग ओळीने मांडले तेव्हा एक पिस्ता रंग दिसला. त्यात एकच नाव होतं. माझं.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“पिस्ता.”

“कशाचा?”

“सांगत नाही म्हटलंय.”

“दुसऱ्याचा सांगू नका. हा माझाच आहे. माझा मला सांगायला काय हरकत आहे?”

जुन्या सभागृहात माझ्या खुर्चीपुढे खांब होता. मला गायकाचा फक्त डावा हात दिसायचा. त्या खांबाबद्दल मी मंडळाला दोन लेखी अर्ज दिले होते, आणि दोन्हींना उत्तर आलं नव्हतं.

“तुमचे अर्ज फाइलला आहेत,” ते खाली बघत म्हणाले. “शेवटी भैरवी सुरू झाली की तुम्ही रडता. कोणी बघितलं की चिडता. एकदा शेजारच्या बाईंनी रुमाल दिला तर त्यांना काय बोललात ते आठवा. खांबाआड कोणाला दिसत नाही.”

मी चहा ठेवायला उठले. चहा नुकताच झाला होता, तरी उठले. घरी मी कधी रडत नाही, अगदी रडायचे प्रसंग आले तेव्हाही नाही. गाण्याला का रडते ते मला सांगता येणार नाही. सहा वर्षं मी त्या खांबाला शिव्या देत होते आणि कोणीतरी तो माझ्यासाठी राखून ठेवला होता. आधण उकळेपर्यंत मी ओट्यापाशीच उभी राहिले.

“नव्या सभागृहात खांब नाही,” बाहेरून त्यांचा आवाज आला. “शेवटची ओळ, भिंतीकडची खुर्ची ठेवलीय. तिथून सगळ्यांच्या पाठी दिसतात.”

“चालेल,” मी म्हटलं.

चार वाजता नकाशा पूर्ण झाला. दोनशे बारा नावं, सगळी रंगात. सलिलला पाठवायची प्रत मी फक्त मजकुराची काढली. रंगांची फाइल श्यामसुंदररावांनी पेन ड्राइव्हवर घेतली, आणि माझ्या लॅपटॉपवरची त्यांच्यासमोर पुसून टाकायला लावली. मग मी इंदुबाईंना फोन लावला.

“इंदुबाई, तुमच्या खुर्च्या बदलल्या. पाचवी ओळ, कडेला.”

“कायले तरास घेतला ताई. मी सांगतलं होतं नं.”

“त्रास नाही. चूक माझी होती, मी दुरुस्त केली. मी स्वतः त्या खुर्चीत बसून पाहिलंय. तिथून दार अगदी समोर दिसतं.”

त्यांनी हळू विचारलं, “तुमाले कोण सांगतलं?”

“कोणी काही नाही सांगितलं. बसले, दार दिसलं, म्हणून म्हटलं.”

“पाहतो,” त्या म्हणाल्या. “ह्यायच्या तब्येतीवर हाये.”

रविवारी मी आठ वाजताच जाऊन बसले. शेवटची ओळ, भिंतीकडे. पाचव्या ओळीतल्या कडेच्या दोन खुर्च्या पावणेनऊला रिकाम्या होत्या. नऊला पाच मिनिटं कमी असतानाही रिकाम्याच. सलिल माझ्याकडे वळून वळून बघत होता, त्याच्या हातात प्रतीक्षायादी होती. वारज्याहून दोन बस बदलून यायचं, तेही अशा माणसाला घेऊन, कशाला येतील, असं मी मनाशी म्हणेपर्यंत दारात पांढरा शर्ट दिसला. इंदुबाईंनी त्यांना मनगट धरून आणलं, बसवलं, स्वतः शेजारी बसल्या. महिपतरावांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं. ते मागे टेकून बसले. माझा जीव भांड्यात पडला.

नऊला तंबोरे लागले, आणि सोनबांनी दार बंद केलं.

एसीचं सभागृह. कार्यक्रम सुरू झाला की दार लावायचं, हा तिथला रिवाज. शनिवारी एसी बंद होता म्हणून दार उघडं होतं, आणि एवढी अक्कल पाजळणाऱ्या आम्हां दोघांपैकी एकाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. महिपतराव दाराकडे बघतच होते. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. मग ते उभे राहिले. मागच्या ओळीतले लोक चुळबुळले. इंदुबाईंचा एक हात त्यांच्या मनगटावर होता, आणि दुसऱ्या हाताने त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी उचललीसुद्धा. त्यांना ही वेळ सवयीची होती.

मी उठले. भिंतीच्या कडेकडेने, चपला वाजवत, सगळ्या मंडळाच्या नजरा अंगावर घेत दारापाशी पोचले आणि दार सताड उघडलं.

“म्याडम, एसी चालू हाय,” सोनबा कुजबुजले. “दार उघडं ठिवायचं नाय. सायबांचा नियम हाय.”

“साहेबांना सांगा मंदाकिनीबाईंनी उघडलं.”

“आवो पर हवा भाईर जातीय.”

“जाऊ दे. तुमचं स्टूल द्या इकडे.”

त्यांनी दिलं. मी ते दाराला टेकवून ठेवलं आणि त्यावर बसले, म्हणजे दार लावायचं तर आधी मला उचलावं लागलं असतं. महिपतराव उभेच होते, तोंड हाक मारायला उघडलेलं. त्यांनी दाराबाहेरच्या बोळातला उजेड पाहिला. माझ्याकडे पाहिलं, पुन्हा उजेडाकडे पाहिलं. तंबोरे चालूच होते. मग ते सावकाश खाली बसले. इंदुबाईंनी पिशवी परत पायाशी ठेवली.

मध्यंतरात सलिल धावत आला. “मॅडम, दार का ओपन आहे? हॉलवाले कम्प्लेंट करतायत.”

“मला बंद दारात गुदमरतं,” मी म्हटलं.

“ओह. तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“आता बोलले. वर्षभर इथे आहोत तोवर दार उघडं राहील आणि मी इथेच बसेन. माझ्या नावाने लिहून घ्या.”

त्याने ते फोनमध्ये लिहून घेतलं, आणि बहुधा संध्याकाळपर्यंत मंदाकिनी मॅडमना दमा आहे असं सगळ्या मंडळाला कळलंही असेल. श्यामसुंदरराव मागे उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. “चहा आणू का तुमच्यासाठी?” त्यांनी विचारलं. त्यांनी कोणासाठी चहा आणल्याचं मंडळाच्या इतिहासात नाही. मी हो म्हटलं.

उत्तरार्धात मी त्या स्टुलावर, दोनशे माणसांकडे तोंड करून बसले होते. शेवटी भैरवी आली आणि व्हायचं ते झालं. समोरच्या ओळीतल्या चार जणांनी तरी पाहिलं असेल. मी पदराने डोळे पुसले आणि जागेवरून हलले नाही.

टाळ्या झाल्या, लोक उठले, माझ्या अंगावरून बाहेर पडायला लागले. पाचव्या ओळीतली दोघं मात्र उठली नाहीत. मी जवळ गेले. महिपतराव ताठ बसून दाराकडे बघत होते. इंदुबाईंची मान त्यांच्या खांद्यावर कलली होती, तोंड किंचित उघडं, दोन्ही हात मांडीवर सैल पडलेले. त्या गाढ झोपल्या होत्या. मी खांद्याला हात लावला तशा त्या दचकून जाग्या झाल्या आणि आधी त्यांनी नवऱ्याचं मनगट शोधलं.

“संपलं का जी?”

“संपलं.”

“अगं माय! मले तं झोप लागली वो ताई. मधातल्या सुट्टीनंतरचं काहीच नाही ऐकलं.” लाजेने त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण तो उजळलाही होता. मी त्यांना असं झोपेतून उठलेलं, सुरकुत्या सैल झालेलं कधी पाहिलं नव्हतं. “एवढ्या दुरून आलो अन् झोपली मी.”

“मग आता पुढच्या महिन्यात यावंच लागेल,” मी म्हटलं.

“येतो नं,” इंदुबाई म्हणाल्या. त्यांनी महिपतरावांना उठवलं, मी पिशवी घेतली, आणि आम्ही तिघं बाहेर पडलो.